मेलेली गांडुळे मोजून भागणार नाही

स्कूल ऑफ आर्टिलरी फाळणीआधीच काकुलहून देवळालीला आली, तेव्हापासून नाशिककरांच्या कानांना तोफांची सवय आहे. गोळा नीट फुटला तर त्यातले टीएनटी, आरडीएक्स जवळजवळ सगळे स्फोटातच संपते. अर्धवट फुटलेला गोळा मात्र मातीत स्फोटकाचे खडे टाकून जातो. अशा मातीतल्या बारक्या जिवांचे काय होते, हे तपासायला निघालेल्या प्रयोगशाळांना आमचे सांगणे एवढेच: चाचणी आपल्या मातीत घ्या आणि पिल्ले मोजा.

रूढ पद्धत सुटसुटीत आहे. ७० टक्के वाळू, २० टक्के केओलिन, १० टक्के पीट अशी कृत्रिम माती, २० अंशांची खोली आणि आयसेनिया फेटिडा गांडुळे. १४ दिवसांनी मेलेली मोजायची, की अहवाल तयार. अहो, आयसेनिया शेणखतातले गांडूळ! द्राक्षबागेच्या गांडूळखताच्या वाफ्यात हवे तेवढे मिळेल, मुरमाड माळावर शोधून दाखवा. शिवाय केओलिन म्हणजे काळी माती नव्हे. आपल्या बेसाल्टच्या मातीत स्मेक्टाइट ही चिकणमाती असते. त्याच्या थरांत पोटॅशियम असेल तर टीएनटी घट्ट चिकटते, कॅल्शियम असेल तर फारसे नाही; आणि आपल्याकडे कॅल्शियमच वरचढ. चिकणमाती विष धरून ठेवील, या भरवशावर राहू नये.

माती जुनी झाली की विष उतरते, हा दुसरा भरवसा. अमेरिकेत एजवूडच्या लष्करी प्रयोगशाळेत कुपरमन आणि सहकाऱ्यांनी टीएनटी मिसळलेली माती महिनोन्‌महिने भिजवून-सुकवून मुरवली आणि तीत एन्किट्रिड सोडले, दोऱ्याच्या पांढऱ्या तुकड्यासारखे कृमी. मुरलेली माती ताज्या मातीपेक्षा जास्त विषारी निघाली (२००५). आरडीएक्सची तऱ्हा आणखी निराळी: मोठे गांडूळ तगते, पिल्ले घटतात, एन्किट्रिडला मात्र त्याचे काहीच वाटत नाही. म्हणून एका प्राण्यावर निकाल देऊ नये.

पिल्ले मोजणे कंटाळवाणे, हे कबूल. पण मातीवर अल्कोहोल ओतून बेंगॉल रेडचे चार थेंब टाकले आणि रात्रभर ठेवले, की एन्किट्रिडची पिल्ले गुलाबी होऊन भिंगाखाली चटकन दिसतात. ज्या ॲसिटोनमधून स्फोटक मातीत मिसळले, ते नुसते घातलेले एक भांडे शेजारी हवेच. अनेक जण नेमके तेच विसरतात.

हे सारे आत्ताच का? पुण्यात पाषाणच्या एचईएमआरएल या संरक्षण प्रयोगशाळेने सीएल-२० हे आरडीएक्सहून जोरकस स्फोटक तयार केले आहे. एन्किट्रिडची पिल्ले घटायला ते किलोभर मातीत एक मिलिग्रॅमहूनही कमी पुरते. गोळ्यात भरण्याआधी ते आपल्या काळ्या मातीत एन्किट्रिडवर तपासायला चार-सहा आठवडे लागतील.