जुन्या खेळण्याची नवी वर्गणी

लोकवर्गणी म्हणजे काय हे आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. पावतीपुस्तक घेऊन वस्तीत फिरलेला, दहा-वीसच्या चुरगळलेल्या नोटा सरळ करून डब्यात ठेवलेला आणि कार्यक्रम पार पडल्यावर फळ्यावर जमाखर्च लिहिलेला कार्यकर्ता आमच्यात घरटी एक सापडेल. हिशेबात दहा रुपये कमी आले तर वस्तीतली म्हातारी त्याला भर चौकात उभा करते, हेही आम्ही पाहिले आहे. हाच वर्गणीचा मार्ग पाश्चात्त्य बाजाराने उचलला. इंडिगोगो २००८ मध्ये आणि किकस्टार्टर २००९ मध्ये अमेरिकेत सुरू झाली आणि या व्यवहाराला क्राउडफंडिंग असे भारदस्त नाव मिळाले. फरक एवढाच की तिथे फळा नाही आणि म्हातारीही नाही.

या वर्गणीवर निघालेल्या मालात एक प्रकार वारंवार दिसतो. तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या व्हिडिओ गेमचे यंत्र नव्या रूपात आणतो, असे कोणीतरी जाहीर करतो. नाव जुने, चित्र सुंदर, पैसे आगाऊ. विषय खेळण्याचा आहे म्हणून वाचकांनी पान उलटू नये. भांडवलाची जोखीम भांडवलदाराच्या खांद्यावरून उतरवून गिऱ्हाइकाच्या खांद्यावर कशी ठेवली जाते, हे या खेळण्याइतके स्वच्छ दुसरीकडे क्वचितच दिसते.

इंग्लंडमधल्या एका प्रकरणापुरते आम्ही बोलू, कारण त्यात निकालपत्रही आहे आणि कंपनीचा अंतही आहे.

क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने एप्रिल १९८२ मध्ये झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती संगणक बाजारात आणला. १६ के स्मृतीचा १२५ पौंडांना, ४८ के स्मृतीचा १७५ पौंडांना. रबरी कळा, घरचाच टीव्ही पडदा म्हणून वापरायचा आणि खेळ साध्या कॅसेटवरून चढवायचे. ब्रिटनमधल्या नोकरदार-कामगारांच्या घरात शिरलेला हा संगणक होता. त्यावर प्रोग्रॅमिंग शिकलेली एक पिढीच तिथे उभी राहिली. १९८६ मध्ये सिंक्लेअर यांनी हे नाव आणि हक्क ५० लाख पौंडांना अ‍ॅमस्ट्रॅड कंपनीला विकले. पुढे २००७ मध्ये अ‍ॅमस्ट्रॅड कंपनी स्काय या टीव्ही कंपनीने घेतली आणि स्पेक्ट्रम हे नाव तिच्याकडे गेले. ही मालकी वाचकांनी ध्यानात ठेवावी, पुढे ती कामाला येणार आहे. महाराष्ट्राचाही या यंत्राशी संबंध आहे. पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात डीबी स्पेक्ट्रम प्लस या नावाने ते भारतात बनवले. आज पन्नाशीत असलेल्या काही मराठी अभियंत्यांची पहिली ओळख त्याच काळ्या पेटीशी झाली.

(सिंक्लेअर यांच्याविषयी आंधळी भक्ती मात्र नको. जानेवारी १९८४ मध्ये त्यांच्या कंपनीने क्यूएल नावाचा संगणक जाहीर केला, २८ दिवसांत घरपोच देऊ म्हणून टपालाने पैसे घेतले आणि पहिली यंत्रे गिऱ्हाइकांच्या हाती पडायला एप्रिल अखेर उजाडली. यंत्र तयार नसताना पैसे घेण्याची खोड इंटरनेटने शोधलेली नाही.)

आता प्रकरणाकडे येऊ. लुटन इथल्या रेट्रो कॉम्प्युटर्स लिमिटेड या कंपनीने २०१४ च्या अखेरीस इंडिगोगोवर वर्गणी मागितली. टीव्हीला जोडायचे वेगा नावाचे छोटे यंत्र, आत स्पेक्ट्रमचे जुने खेळ. ते यंत्र २०१५ मध्ये खरोखर लोकांच्या घरी पोचले. इथेच गोम आहे. पहिला शब्द पाळला म्हणून दुसऱ्या शब्दावर लोकांनी डोळे मिटून विश्वास ठेवला. २०१६ च्या सुरुवातीला त्याच कंपनीने वेगा प्लस जाहीर केले. हातात धरायचे, स्वतःचा पडदा असलेले, आत हजार खेळ. मागणी होती १ लाख पौंडांची, जमले ५ लाख पौंडांहून अधिक. वर्गणीदार चार हजारांच्या वर. यंत्र त्याच वर्षी देण्याचे वचन होते.

पैसे जमले आणि महिनाभरातच संचालकांत फूट पडली. दोघे बाहेर पडले. त्यांतले एक तर पहिल्या वेगाचे यंत्र ज्यांनी घडवले तेच. म्हणजे मंडप घातला, वऱ्हाड जेवायला बसले आणि आचारी निघून गेला. मागे राहिलेल्यांचे आणि गेलेल्यांचे कोर्टकज्जे सुरू झाले. वर्गणीदारांना मात्र आश्वासनांशिवाय काही मिळेना. २०१६ गेले, २०१७ गेले. मध्ये इंडिगोगोनेच नवे पैसे घेणे थांबवले आणि २०१८ मध्ये पैसे परत मिळवण्यासाठी वसुली करणाऱ्यांकडे प्रकरण देण्याची भाषा केली.

२०१८ च्या उन्हाळ्यात काही थोड्या लोकांना यंत्रे गेली. त्यात कबूल केलेले हजार खेळ नव्हते. त्याच सुमारास स्कायने नावाचा परवाना काढून घेतला. ज्या नावापायी लोकांनी खिशात हात घातला होता, ते नाव कंपनीच्या मालकीचे कधीच नव्हते. ते भाड्याने आणलेले होते आणि घरमालकाने घर खाली करायला सांगितले. फेब्रुवारी २०१९ मध्ये एका धनकोच्या अर्जावरून न्यायालयाने कंपनी गुंडाळण्याचा आदेश दिला.

आता कायद्याचे. आमचा पेशाच तो, त्यामुळे इथे थोडे थांबतो.

या संकेतस्थळांच्या अटींची भाषा मोठी चतुर असते. तुम्ही वस्तू विकत घेत नाही, तुम्ही एका प्रकल्पाला हातभार लावता. वस्तू ही किंमतीच्या बदल्यात मिळालेला माल नसून तुमच्या औदार्याचे बक्षीस आहे. किकस्टार्टरने तर २०१२ मध्ये आपण दुकान नाही असे जाहीरच करून टाकले. या भाषेचा अर्थ सरळ आहे: माल आला तर विक्री, नाही आला तर दान. नफ्याच्या वेळी आपण गिऱ्हाईक आणि तोट्याच्या वेळी दानशूर!

ही भाषा न्यायालयात टिकते का? जानेवारी २०१८ मध्ये एका वर्गणीदाराने लुटनच्या काउंटी कोर्टात छोट्या रकमेचा दावा लावून ते तपासून पाहिले. कंपनीचे म्हणणे हेच की हे दान आहे, विक्री नव्हे. न्यायाधीशांनी ते मानले नाही. कंपनी आणि वर्गणीदार यांच्यात करार झालेला आहे असे ठरवून त्यांनी पैसे खर्चासह परत करायला सांगितले. आमच्या मते निर्णय बरोबर आहे. अमुक रक्कम द्या, अमुक यंत्र देतो, अमुक महिन्यात देतो, असे एकाने म्हणावे आणि दुसऱ्याने रक्कम द्यावी, याला आमच्या १८७२ च्या करार कायद्यातही प्रस्ताव, स्वीकृती आणि मोबदला असेच म्हणतात. कागदाच्या माथ्यावर दानपत्र लिहिल्याने विक्रीखताचे दानपत्र होत नाही, हे तालुका कोर्टातला नवशिका वकीलही सांगेल.

पण वाचकांनी लगेच टाळ्या वाजवू नयेत. काउंटी कोर्टाचा निकाल इतर न्यायालयांवर बंधनकारक नसतो. दावा एकाने जिंकला. उरलेल्या हजारोंनी प्रत्येकी शंभर पौंडांसाठी सुटी काढून कोर्टाची पायरी चढायची का? लहान रकमेच्या नुकसानीत हेच खरे संरक्षण असते, फसलेल्याचे नव्हे, बुडवणाऱ्याचे. ब्रिटनच्या १९७४ च्या ग्राहक पत कायद्याचे ७५ वे कलम क्रेडिट कार्डवरच्या खरेदीत कार्ड कंपनीलाही जबाबदार धरते, परंतु वस्तूची किंमत शंभर पौंडांहून अधिक असेल तरच. वेगा प्लसची किंमत होती शंभर पौंड. हा योगायोग असेल, आम्ही हेतू चिकटवत नाही. शिवाय पैसे विक्रेत्याला थेट न जाता मधल्या संकेतस्थळामार्फत गेले की त्या कलमाचा आधार आणखी लुळा पडतो.

आणि कंपनी बुडाल्यावर काय? तारण असलेला धनको आधी, मग कायद्याने मान दिलेली देणी, आणि आगाऊ पैसे देणारा सामान्य माणूस बिनतारणी धनकोंच्या रांगेत शेवटी. आपल्याकडे बिल्डरकडे घर नोंदवून हप्ते भरणाऱ्यांचीही हीच गत होती. २०१८ मध्ये दिवाळखोरी संहितेत दुरुस्ती झाली तेव्हा कुठे घर नोंदवणाऱ्यांना वित्तीय धनकोचा दर्जा मिळाला. आमच्याकडे नकाशा आणि पावती घेऊन येणाऱ्या पक्षकाराला पहिला प्रश्न आम्ही विचारतो, ‘जागेचा सातबारा कोणाच्या नावावर आहे?’ खेळण्याच्या बाबतीतही तोच विचारायचा: हे नाव कोणाच्या मालकीचे आहे, आणि परवाना काढून घेता येतो का?

अमेरिकेत सरकारी यंत्रणेने काही वेळा हात उगारला हे खरे. वॉशिंग्टन राज्याच्या महाधिवक्त्यांनी पत्त्यांचे कॅट न देणाऱ्या एका किकस्टार्टर प्रकल्पावर दावा लावला आणि २०१५ मध्ये चोपन्न हजार डॉलरांहून अधिक रकमेचा आदेश मिळवला. त्यातले वर्गणीदारांना परत द्यायचे किती? ३१ जणांना मिळून ६६८ डॉलर. बाकी दंड आणि खर्च. त्याच वर्षी तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने एका पटावरच्या खेळाच्या प्रकल्पावर कारवाई केली. १ लाख २२ हजार डॉलर जमवून ते घरभाडे आणि खासगी खर्चात उडवल्याचा आरोप होता. १ लाख ११ हजारांच्या वर रकमेचा आदेश झाला आणि तो मनुष्य भरू शकत नाही म्हणून वसुली स्थगित राहिली. आदेश कपाटात, पैसे हवेत.

आता कोणी म्हणेल, इतके संशयी होऊन कसे चालेल? चालते, आणि संशयाचा उपयोगही होतो. २०१५ मध्ये अमेरिकेत रेट्रो व्हीजीएस नावाच्या यंत्रासाठी इंडिगोगोवर साडेएकोणीस लाख डॉलर मागितले गेले. दाखवायला चालते यंत्र नव्हते. होता तो अटारी जॅग्वार या जुन्या यंत्राच्या सांगाड्याचा साचा, जो मध्यंतरी दातांच्या डॉक्टरांच्या उपकरणासाठी वापरला गेला होता. लोकांनी पाठ फिरवली आणि मोहीम फसली. मग तेच यंत्र कोलेको या जुन्या नावाची झूल पांघरून कोलेको कमेलियन म्हणून आले. किकस्टार्टरला चालता नमुना लागतो, म्हणून फेब्रुवारी २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या खेळणी प्रदर्शनात नमुना मांडला गेला. जुन्या यंत्रांच्या हौशी जाणकारांनी मागची बाजू निरखली आणि सांगितले की आत निन्टेंडोचे जुने यंत्र बसवलेले दिसते. पुढे आरपार दिसणाऱ्या पेटीतला नमुना छायाचित्रात आला, तर आतली पाटी संगणकात घालायच्या व्हिडिओ कार्डाची असल्याचे त्याच लोकांनी ओळखले. नावाच्या मालकांनी नमुना तपासायला मागितला आणि मार्च २०१६ मध्ये आपले नाव काढून घेतले. वर्गणी सुरू होण्याआधीच प्रकरण आटोपले. म्हैस पाण्यात आणि मोल बाहेर, असा हा सौदा. इथे निदान कोणीतरी वेळेवर पाण्यात वाकून पाहिले आणि म्हशीच्या जागी भलतेच निघाले.

या लोकांना तेव्हा द्वेष्टे म्हटले गेले, पाय ओढणारे म्हटले गेले. हिशेब मागणाऱ्याला अशीच विशेषणे मिळतात, हे आम्ही आमच्या मंडळांच्या बैठकांतही ऐकले आहे.

तरीही सगळ्यांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल. स्पेक्ट्रम नेक्स्ट या यंत्राने एप्रिल २०१७ मध्ये किकस्टार्टरवर ७ लाख पौंडांहून अधिक जमवले. मूळ स्पेक्ट्रमच्या पेटीची रचना करणारे रिक डिकिन्सन यांनीच याची पेटी आखली; ते २०१८ मध्ये वारले. यंत्र ठरल्यापेक्षा दोन वर्षे उशिरा, २०२० मध्ये पोचले, पण पोचले. मोहीम सुरू झाली तेव्हा चालती पाटी तयार होती, आणि उशीर का झाला ते कामाच्या तपशिलासकट सांगितले जात होते. उशीर आम्ही गुन्हा मानत नाही. आमची बुद्धविहारेही वर्गणीवर दहा-दहा वर्षे बांधली गेली, पण वीट किती आली आणि सिमेंट किती लागले हे लोकांना दिसत होते. मौन हे मात्र वाईट लक्षण. इंटेलिव्हिजन अमिको नावाच्या यंत्राची तारीख १० ऑक्टोबर २०२० दिली होती. आगाऊ नोंदणी घेतली, सामान्य लोकांकडून गुंतवणूकही गोळा केली, तारखा पुढे पुढे गेल्या आणि यंत्र बाजारात आलेच नाही. २०२४ मध्ये इंटेलिव्हिजन हे नाव अटारीने विकत घेतले. म्हणजे नावाला गिऱ्हाईक मिळाले, नोंदणी करणाऱ्याला यंत्र मिळाले नाही.

पुण्या-मुंबईतला एखादा हौशी अशा मोहिमेत पैसे घालत असेल तर त्याच्यासाठी एवढेच. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदाराला आपल्या राहत्या जिल्ह्यात तक्रार नोंदवता येते. सोय चांगली आहे. परंतु लुटनमध्ये गुंडाळलेल्या कंपनीवर पुण्याच्या आयोगाचा आदेश कोण बजावणार?

वेगा प्लसच्या कंपनीतून २०१६ मध्ये बाहेर पडलेल्यांनी पुढे दुसरी कंपनी काढली. त्या कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये द स्पेक्ट्रम या नावाने, रबरी कळांसकट, ४८ खेळ आत घातलेले यंत्र बाजारात आणले. किंमत ८९ पौंड ९९ पेन्स. त्यासाठी वर्गणी गोळा केली नाही. दुकानात पैसे मोजायचे आणि खोका काखेत घालून घरी जायचे. वेगा प्लसच्या चार हजारांपैकी कितीतरी जणांनी तेही घेतले असेल. त्यांचे पहिले शंभर पौंड अजून बुडीत खात्यातच आहेत.