चष्मा चढवा, ड्रोनमध्ये बसा!

दोस्तांनो, नववीतल्या एका मित्राचं पत्र आलंय. लिहितो, "काका, बक्षिसाचे आणि भाऊबीजेचे मिळून थोडे पैसे साठलेत. मला शर्यत लावायची नाही. गॉगल घालून, आपणच आत बसलोय असं वाटेल तसा ड्रोन निवांत उडवायचाय. दुकानदार म्हणतो मोठाच घे. आई म्हणते मुळीच नको. कोणाचं ऐकू?"

बाळा, थोडं आईचं ऐक आणि थोडं स्वतःचं. दुकानदाराचं मात्र राहू दे.

या प्रकाराला एफपीव्ही म्हणतात. ड्रोनच्या नाकावरचा छोटा कॅमेरा जे बघतो, ते त्याच क्षणी तुमच्या गॉगलमध्ये दिसतं. मीही हौसेनं आधी मोठाच घेतला होता, पाच इंची पात्यांचा. बॅटरीसकट सहा-सातशे ग्रॅम वजन आणि ताशी शंभर किलोमीटरच्या वर वेग! पहिल्याच दिवशी तिसऱ्या मिनिटाला तो बाभळीत जाऊन बसला. खाली माणूस असता तर? ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

निवांत उडवायचं तर 'व्हूप' घ्या. अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या जेसी पर्किन्स यांनी २०१६ च्या सुमारास एका खेळण्यातल्या ड्रोनला चिमुकला कॅमेरा बसवला आणि ही जात जगभर पसरली. तळहातात मावतो. समोरासमोरच्या दोन मोटरांमधलं अंतर ६५ किंवा ७५ मिलिमीटर, आणि ६५ वाल्याचं वजन कोंबडीच्या अंड्याच्या निम्मं. पात्यांभोवती प्लॅस्टिकचं कडं असतं, त्यामुळे भिंतीला धडकला तरी टप्पा खाऊन परत उडतो. सोफ्याखालून, खुर्चीच्या पायांमधून, पडद्यामागून हिंडवा. आपलंच घर राजवाड्याएवढं वाटतं! वाऱ्यात मात्र तो टिकत नाही. म्हणून हा खरा पावसाळ्यातला, घरातला छंद. (छताचा पंखा आधी बंद करा. मी केला नव्हता.)

पण ड्रोन सगळ्यात शेवटी घ्यायचा! आधी चांगला रिमोट घ्या. तो वायरनं कॉम्प्युटरला जोडता येतो. मग 'लिफ्टऑफ' किंवा 'वेलोसिड्रोन' यांसारख्या सिम्युलेटरवर रोज अर्धा तास, असे दोन-तीन आठवडे सराव करा. तिथे शंभरदा आपटलात तरी खर्च शून्य. शिवाय आवड दोन दिवसांची आहे की खरी, तेही कळतं. पालकांनो, ही परीक्षा पास झाल्यावरच पुढचा खिसा मोकळा करा. तोच रिमोट पुढे खऱ्या ड्रोनला चालतो. फक्त दोघांची भाषा एक हवी. रिमोट 'ईएलआरएस'चा असेल तर ड्रोनमध्येही ईएलआरएसचाच रिसीव्हर बघून घ्या.

गॉगलचंही तसंच. ॲनालॉग कॅमेऱ्याला ॲनालॉगच गॉगल लागतो. ॲनालॉगचं चित्र जुन्या टीव्हीसारखं, लांब गेलं की मुंग्या येतात. पण ते हलकं आणि स्वस्त. डिजिटल सुरेख दिसतं आणि तेवढंच महाग पडतं. सुरुवातीला मुंग्याच बऱ्या. नंबरचा चष्मा असेल तर खोक्यासारखा मोठा गॉगल घ्या, आणि चष्म्यावर घालून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

उडवताना 'अँगल मोड' लावा. उजवी काडी सोडली की ड्रोन आपोआप सरळ होतो. उंची मात्र बहुतेक व्हूपमध्ये तुम्हालाच डाव्या काडीनं सांभाळावी लागते. पहिले दोन दिवस तो छत आणि जमीन यांच्यामध्ये बेडकासारखा उड्या मारेल. मारू दे.

बॅटरी तीन-चार मिनिटांत संपते, म्हणून निदान पाच घ्या. पूर्ण भरलेली साधी लिपो ४.२ व्होल्टची असते, ३.५ च्या आसपास आली की उतरवायचं. उतरवल्यावर गरम असताना चार्जिंगला लावायची नाही, लावून झोपायचं नाही, आणि फुगलेली बॅटरी 'अजून चालतेय' म्हणून वापरायची नाही. लिपो पेटली तर विझवणं कठीण. इथे आईचं शंभर टक्के ऐका.

आता कायद्याचं. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन 'नॅनो' गटात येतो, त्याला पायलटचा परवाना लागत नाही. म्हणून कुठेही उडवा असं नाही हं! बाहेर न्यायचा तर 'डिजिटल स्काय'च्या नकाशावर लाल-पिवळा भाग बघा. मुंबईसारख्या शहरांत पोलिसांचे मनाई आदेशही निघतात. आणखी एक, परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे, त्यामुळे बाहेरून परस्पर मागवू नका. सुट्या भागांना ती बंदी नाही. भाग आणून जोडता येतात, इथे बनलेलेही मिळतात.

आणि गॉगल चढवला की शेजारून धाकटी बहीण चाललीय हेसुद्धा दिसत नाही. म्हणून बाजूला उघड्या डोळ्यांनी ड्रोनकडे बघणारं कुणीतरी हवंच. ते काम बहिणीलाच द्या, दर दुसरी बॅटरी तिची असं ठरवून. बघा, दोन आठवड्यांत तीच तुमच्यापेक्षा बरी उडवेल.

पुढच्या अंकात मोडलेलं पातं बदलू. चारही पाती सारखी नसतात, चुकीचं बसवलं तर ड्रोन जागच्या जागी कोलांटी मारतो. छोटा स्क्रू-ड्रायव्हर तयार ठेवा!