नांदूर-मधमेश्वरचे पक्षी आणि काठावरची माणसे

पक्षिनिरीक्षण हा विषय या पानावर कशासाठी, असा प्रश्न काही कार्यकर्त्यांना पडेल. आयुष्यभर भाव, मजुरी आणि पाणीवाटप शिकविणाऱ्या माणसाने निवृत्तीनंतर बदके मोजीत बसावे, हे त्यांना सुखवस्तूपणाचे लक्षण वाटण्याचाही संभव आहे. परंतु निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर गेली काही वर्षे फाल्गुन-चैत्रात मी जे पाहत आलो आहे, त्यावरून माझे मत असे झाले आहे की, सामायिक संपत्तीचा उपभोग कोणी घ्यावा आणि त्याची किंमत कोणी मोजावी, हा आपला जुनाच प्रश्न तेथे उभा आहे. फरक इतकाच की, या वेळी तो पंख लावून आला आहे.

प्रथम त्या जागेविषयी. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रज सरकारने नांदूर-मधमेश्वर येथे नदीवर बंधारा बांधला. गोदावरीचे उजवा आणि डावा हे दोन्ही कालवे येथूनच निघतात, आणि कोपरगाव-राहात्याकडील ऊसशेती त्यांच्याच पाण्यावर वाढली. बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षे गाळ साचत गेला. साठवण घटली, पण उथळ झालेल्या पाण्यात बेटे उठली, पाणगवत आणि लव्हाळे माजले, चिखलात किडे, शंखशिंपले, मासळीची पिले वाढू लागली. जलसिंचनाच्या हिशेबात जी तूट होती, ती पक्ष्यांच्या हिशेबात जमेच्या बाजूला गेली. सलीम अली यांनी या जागेला महाराष्ट्राचे भरतपूर म्हटले. १९८६ मध्ये ती अभयारण्य झाली, आणि जानेवारी २०२० मध्ये राज्यातील पहिले रामसर स्थळ म्हणून तिचे नाव जाहीर झाले. निसर्गाची म्हणून जी संपत्ती आज आपण मिरवितो, ती मुळात माणसाच्या कामाची, आणि त्यातही फसलेल्या हिशेबाची, निर्मिती आहे, हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. माणूस वगळला की निसर्ग उरतो, हे सोपे समीकरण येथे तरी लागू पडत नाही.

हिवाळ्यात तेथे थापट्या, तलवार बदक, भुवई बदक, चक्रवाक अशी उत्तरेकडील मंडळी उतरतात. काळ्या अंगाच्या, पांढऱ्या कपाळाच्या एका पाणपक्ष्याला मराठीत वारकरी म्हणतात. हे नाव ज्याने कोणी प्रथम दिले, त्याने तो पक्षी पुस्तकात पाहिलेला नसावा. कै. मारुती चितमपल्ली यांनी ‘पक्षिकोश’ सिद्ध करताना ठिकठिकाणची जी लोकनामे गोळा केली, तीही याचीच साक्ष देतात. पक्ष्यांचे ज्ञान प्रथम कोळ्याचे, गुराख्याचे, पारध्याचे होते. दुर्बीण नंतर आली.

फेब्रुवारीच्या अखेरीपासून मात्र या पाणथळीचे रूप पालटते. पाणी ओसरू लागते, चिखल उघडा पडतो, आणि परतीच्या प्रवासाला निघणारे पक्षी रात्रंदिवस चरू लागतात. हजारो किलोमीटर उडण्यासाठी लागणारी चरबी याच काही आठवड्यांत अंगावर चढवावयाची असते. काही लहान चिखलपक्ष्यांचे वजन तर निघण्यापूर्वी जवळजवळ दुप्पट होते. या दिवसांत उगाचच घ्यावे लागलेले प्रत्येक उड्डाण म्हणजे साठवलेल्या शिदोरीतून केलेला खर्च होय. त्याच सुमारास येथेच राहणाऱ्या पक्ष्यांचा विणीचा हंगाम सुरू होतो. टिटवी, नदी सुरय, आर्ली, शेकाट्या यांना घरटे बांधण्याची हौस नाही. उघड्या बेटावर किंवा काठावर जमीन जराशी उकरून ते तेथेच अंडी घालतात. चैत्रातल्या उन्हात आईबाप काही मिनिटे जरी उठून गेले, तरी त्या अंड्यांचे काय होते, हे सांगावयास पक्षिशास्त्र नको.

आणि नेमका हाच छायाचित्रकारांचा आवडता काळ! पाणी आटल्याने पक्षी थोड्या जागेत एकवटलेले असतात, काहींच्या अंगावर विणीचे रंग चढलेले असतात, सकाळचा प्रकाश स्वच्छ असतो. रविवारी पहाटे काठावर मोटारींची रांग लागते. पूर्वी छत्तीस चित्रांचे रीळ असे आणि प्रत्येक चित्राला पैसे पडत. माणूस वाट पाही, मोजून बटण दाबी. आता आमच्या परिभाषेत ज्याला सीमांत खर्च म्हणतात, तो शून्यावर आला आहे. एका सकाळी दोन हजार चित्रे घेणे ही अतिशयोक्ती राहिलेली नाही. खर्चाने जो संयम आपोआप शिकविला होता, तो आता नियमाने आणि लोकलज्जेने शिकविण्याची वेळ आली आहे. उडत्या थव्याचे चित्र हवे म्हणून बसलेला थवा उठविणे, ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्ष्याला झुडपाबाहेर ओढणे, घरट्यावरच भिंग रोखून तासन्‌तास बसणे, हे सारे चालते, आणि वर त्याला निसर्गप्रेम असे नाव मिळते. सर्वच छायाचित्रकार असे करतात, असे मी म्हणणार नाही. कोणता पक्षी कोठे, केव्हा दिसला, याच्या नोंदींत अनेकांच्या चित्रांनी मोलाची भर घातली आहे. पण हौशी माणसाची संख्या जेव्हा शेकड्यांनी वाढते, तेव्हा प्रत्येकाची लहानशी आगळीकही पक्ष्यांच्या वाट्याला शेकडा पटीने येते.

अभयारण्य म्हटले की कायद्याचा हात प्रथम पडतो तो जाळ्यावर आणि गुरांवर. चार लाखांचे भिंग घेऊन येणारा हा पाहुणा, आणि टोपलीभर मासळीसाठी पाण्यात उतरणारा हा अतिक्रमक, अशी विभागणी नकळत होऊन जाते. भरतपूरचे नाव आपण गौरवाने घेतो, पण त्या नावामागची दुसरी कथा सहसा सांगितली जात नाही. केवलादेवचे ते रान संस्थानिकांच्या शिकारीचे होते. १९३८ साली व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या मानार्थ झालेल्या एकाच दिवसाच्या शिकारीत चार हजारांहून अधिक पक्षी मारले गेले, आणि ती संख्या अभिमानाने दगडावर कोरून ठेवण्यात आली. भोवतालच्या गावांच्या म्हशी त्याच दलदलीत पिढ्यान्‌पिढ्या चरत होत्या. पुढे तेथे राष्ट्रीय उद्यान झाले आणि नोव्हेंबर १९८२ मध्ये चराई एकाएकी बंद करण्यात आली. गावकऱ्यांनी विरोध केला, पोलिसांनी गोळीबार केला, माणसे मेली. त्यानंतर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासातून जे निष्पन्न झाले, ते बंदी घालणाऱ्यांना चकित करणारे होते. म्हशी गेल्यावर गवत बेसुमार माजले, उघडे पाणी आक्रसले, आणि ज्यांच्यासाठी बंदी घातली त्या पाणपक्ष्यांनाच जागा कमी पडू लागली. पुढे गवत कापून नेण्याची मुभा गावकऱ्यांना देणे भाग पडले. गेलेले जीव मात्र कोणत्याही अहवालाने परत येत नाहीत.

यावरून नांदूरला सरसकट म्हशी सोडा, असे मी सुचवीत नाही. प्रत्येक पाणथळीचे गणित निराळे असते. मच्छीमारांकडून पक्ष्यांना उपद्रव होतच नाही, असा भाबडेपणाही आपण धरू नये. बारीक नायलॉनच्या जाळ्यात बुडी मारणारे पक्षी अडकून मरतात. परंतु जे लोक बारा महिने त्या काठावर राहतात, त्यांना विचारल्यावाचून ठरविलेले नियम अन्यायकारक तर असतातच, शिवाय पुष्कळदा चुकीचेही असतात. ज्या रामसर कराराचा आपण अभिमान बाळगतो, तो इराणमध्ये कॅस्पियन समुद्राकाठी १९७१ साली झाला, आणि पाणथळीचा शहाणपणाने वापर हेच त्याचे सूत्र आहे. वापर बंद करणे हे त्याचे सूत्र नाही. वनजमिनीपुरते बोलावयाचे तर २००६ च्या वनहक्क कायद्यातही जलाशयातील मासळी आणि चराई यांवरील सामुदायिक हक्कांचा स्पष्ट उल्लेख आहे.

सामायिक मालकीची वस्तू लोक ओरबाडूनच संपवितात, असा सिद्धान्त गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये मांडला, आणि कित्येक वर्षे तो आमच्या वर्गांतून वेदवाक्यासारखा शिकविला गेला. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरची कुरणे, कालवे आणि मासेमारीची ठिकाणे अभ्यासून दाखविले की, नियम करण्यात वापरणाऱ्यांचाच हात असेल आणि त्यांची देखरेखही त्यांच्याकडेच असेल, तर सामायिक संपत्ती पिढ्यान्‌पिढ्या टिकते. २००९ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले.

या दृष्टीने उजनीच्या फुगवट्यावरचा अनुभव पाहण्याजोगा आहे. ते अभयारण्य नव्हे. भीमेवरच्या धरणाने गावे उठविली आणि त्या पाण्यावर पुढे मासेमारी उभी राहिली. आता भिगवणजवळच्या कुंभारगावात रोहित पक्षी पाहावयास येणाऱ्यांना मच्छीमारच आपल्या होड्यांतून नेतात. ही मिळकत त्यांच्या हक्काची आहे आणि मला तिचा आनंद आहे. पण जेथे होडीवाले एकमेकांशी स्पर्धा करतात, तेथे जो होडी पक्ष्यांच्या अधिक जवळ नेईल, त्याला बक्षिसी अधिक. थवा उडतो, चित्र मिळते, आणि दोष मात्र होडीवाल्याच्या माथी येतो. पैसे कोणाच्या खिशातून निघाले, हे कोणी पाहत नाही. यावर उपाय आपल्याला माहीत नाही असे नाही. होडीवाल्यांची सहकारी संस्था असेल, दर एकच असेल, पाळी ठरलेली असेल आणि पक्ष्यांपासून ठेवावयाचे अंतर संस्थेनेच ठरविले असेल, तर गिऱ्हाइकाला नाही म्हणणे एकट्या माणसाला परवडत नाही, ते सर्वांना मिळून परवडते. गिरणी कामगारांना हे आपणच सांगत होतो.

नांदूरला चापडगावच्या बाजूचे स्थानिक तरुण मार्गदर्शक म्हणून काम करतात आणि त्यांचे डोळे आम्हा म्हाताऱ्यांच्या दुर्बिणींपेक्षा तेज आहेत. विणीच्या हंगामात कोणती बेटे बंद ठेवावीत, काठ कोठे सोडावा, हे ठरविण्याचा अधिकार त्यांना आणि काठावरच्या ग्रामसभांना मिळाला पाहिजे. कॅमेऱ्यावरचे शुल्क वाढवून हा प्रश्न सुटेल, असे मला वाटत नाही. ज्याने चार लाखांचे भिंग घेतले त्याला शुल्काचे काय? त्या शुल्काने अडेल तो निफाडच्या जिल्हा परिषद शाळेतला मुलगा.

एक अवघड गोष्ट मात्र टाळून चालणार नाही. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला सायखेडा-चांदोरी भागात २०१६ आणि २०१९ च्या पुरांत पाणी घराघरांत शिरले. गाळ काढा, बंधाऱ्याला दरवाजे वाढवा, ही तेथल्या लोकांची मागणी आहे, आणि ज्या गाळावर ही सारी पक्षिसृष्टी उभी आहे, तोच हा गाळ आहे. नाशिकहून आलेल्या पक्षिमित्राने त्या माणसाला निसर्गप्रेमाचे धडे देणे मला उद्धटपणाचे वाटते. कोठला गाळ काढला तर पूर उतरेल आणि कोणती बेटे राखता येतील, याचा हिशेब एकत्र बसून मांडता येण्यासारखा आहे. नाशिक शहराचे सांडपाणी आणि त्यावर पोसणारी जलपर्णी यांविरुद्ध तर शेतकरी, मच्छीमार आणि पक्षिमित्र यांनी एकाच मोर्चात चालावयास हरकत नसावी.

तोवर एक लहान काम हाती घेण्यासारखे आहे. उन्हाळी आवर्तनासाठी दारणा-गंगापूरचे पाणी या बंधाऱ्यात येते, तेव्हा पातळी झपाट्याने चढली तर बेटांवरची अंडी बुडतात. पाणी थांबवा असे कोणी म्हणत नाही. शेतकऱ्याचे पीक वाळता कामा नये. ते टप्प्याटप्प्याने चढवावे आणि तारखा मार्गदर्शक तरुणांना आधी कळवाव्यात, एवढीच अपेक्षा आहे. कालवा सल्लागार समितीत आपल्या परिचयाची माणसे बसतात. पुढच्या बैठकीपूर्वी चापडगाव, मांजरगाव, खाणगाव थडी येथे जाऊन कार्यकर्त्यांनी लोकांशी बोलावे आणि हा विषय बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर घालावा.