चौदाव्या वर्षी हक्क का संपतो?

7 नोव्हेंबर 1900 रोजी भीमराव आंबेडकर या बालकाचे नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात नोंदले गेले. महाराष्ट्र शासन 2017 पासून हा दिवस 'विद्यार्थी दिवस' म्हणून पाळते. शाळाशाळांतून प्रतिमेला हार घातला जातो, भाषणे होतात. चांगलेच आहे! पण बाबासाहेबांना हायस्कुलात प्रवेश मिळाला एवढेच सांगून भागत नाही. प्रवेशानंतरच्या वर्षांत काय झाले, हेही सांगितले पाहिजे. साताऱ्याच्या शालेय दिवसांत त्यांना वर्गाच्या कोपऱ्यात स्वतःच्या गोणपाटावर बसावे लागले. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात संस्कृत नाकारले गेले म्हणून त्यांनी फारसी घेतली. तरीही 1907 साली ते मॅट्रिक झाले. म्हणजे व्यवस्थेने दार उघडले होते, पण आत टिकण्याची जबाबदारी मात्र एकट्या विद्यार्थ्यावर टाकली होती.

आमची पिढी 1993 च्या जूनमध्ये आठवीत गेली. सातवीपर्यंत गावची जिल्हा परिषदेची शाळा आणि आठवीपासून तालुक्याचे हायस्कूल, हा मराठवाड्यातला तेव्हाचा रिवाज. त्याच वर्षी 14 जानेवारी 1994 रोजी विद्यापीठाचा नामविस्तार झाला. ज्या विद्यापीठासाठी आमच्या माणसांची घरे जळाली, रक्त सांडले, त्याच्या नावात बाबासाहेबांचे नाव आले. वस्तीत पेढे वाटले गेले. वर्गात मात्र 'मागासवर्गीय मुलांनी उभे राहा' ही आज्ञा चालूच होती. आठवीत पूर्ण हिंदी की हिंदी-संस्कृत संयुक्त, असा पर्याय असायचा. आमच्या मुलांपुढे तो पर्याय आलाच नाही. 'तुम्हाला झेपणार नाही' असे म्हणून नावे परस्पर दुसऱ्या तुकडीत लिहिली गेली. नव्वद वर्षे लोटली होती, मनुवृत्तीची भाषा तेवढी सौम्य झाली होती!

परंतु अपमानापेक्षाही मोठे नुकसान वेगळेच होते. अपमान गिळून आम्ही शिकत राहिलो. ज्यांना शिकताच आले नाही, त्यांचे काय? दसरा-दिवाळीला मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे ऊसतोडीला निघायची. सातवीपर्यंतचे पोर आजीजवळ गावात राहायचे. तेच पोर तेरा-चौदा वर्षांचे झाले, की त्याच्या हातात कोयता यायचा. मुलगी असेल तर लहान भावंडे सांभाळायला कोपीवर जायची, किंवा तिच्यासाठी स्थळ पाहिले जायचे. आठवीला आमच्यासोबत एसटीने येणारे अनेक सवंगडी नववी संपेपर्यंत दिसेनासे झाले. त्यांना शाळेतून कोणी काढले नव्हते. हजेरीपटावरची नावे मुकाट्याने कमी झाली, एवढेच.

हे जुने झाले, आता शिक्षण हक्क कायदा आहे, असे कोणी म्हणेल. तर कायद्याकडेच वळू. 2002 च्या 86 व्या घटनादुरुस्तीने कलम 21-क आले. 2009 चा शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. हा हक्क आहे 6 ते 14 वयाचा, पहिली ते आठवीचा. म्हणजे ज्या नववीत आमची मुले गळतात, तिच्या उंबरठ्यावरच मूलभूत हक्क संपतो! खासगी शाळांतील 25 टक्के राखीव जागांचेही तेच. महाराष्ट्रात 2012-13 मध्ये पहिलीत बसलेले मूल 2020 साली नववीच्या दारात उभे राहिले. समोर संपूर्ण फी आणि घरात टाळेबंदीने गेलेला रोजगार. अशा पालकाने काय करावे?

14 हा आकडा आला कोठून? 1948 च्या नोव्हेंबरात घटना समितीत हे कलम केवळ प्राथमिक शिक्षणापुरते ठेवावे, अशी सूचना आली होती. बाबासाहेबांनी ती मानली नाही. त्यांचा युक्तिवाद साधा होता. घटनेने 14 वर्षांखालील मुलाला कारखान्यात, खाणीत कामाला लावण्यास मनाई केली आहे. मग त्या वयापर्यंत मूल शाळेतच असले पाहिजे. म्हणजे काम आणि शाळा यांची सांगड बाबासाहेबांनीच घातली. आता 2016 च्या दुरुस्तीने बालकामगार कायदा 14 ते 18 वयाच्या मुलांना धोकादायक कामावर ठेवण्यास बंदी करतो. मग त्याच न्यायाने शिक्षणाचा हक्कही 18 पर्यंत का नसावा? महात्मा फुल्यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे किमान 12 वर्षे वयापर्यंत सक्तीचे शिक्षण मागितले. घटनेने 14 पर्यंतची दिशा दिली. पुढचे पाऊल टाकण्याची जबाबदारी आजच्या राज्यकर्त्यांची आहे.

शासन म्हणते, योजना आहेत. नववी-दहावीच्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती 2012 पासून आहे. मान्य! पण योजना आणि हक्क यात फरक आहे. योजना शासन निर्णयाने येते आणि शासन निर्णयाने जाते. हक्क असेल तर न्यायालयाचे दार ठोठावता येते. फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य शासनाने सरकारी वा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आतील विनाअनुदानित खासगी शाळांना 25 टक्क्यांच्या अटीतून सूट दिली. जुलै 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली. कारण ती योजना नव्हती, कायद्याने दिलेला हक्क होता. नववीच्या मुलाच्या हाती मात्र असे शस्त्र नाही.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. शिक्षण हक्क कायद्याची मर्यादा बारावीपर्यंत, 18 वर्षांपर्यंत वाढवा. 25 टक्क्यांतून आलेल्या मुलाला त्याच शाळेत दहावीपर्यंत मोफत शिकू द्या. स्थलांतरित मजुरांच्या आठवी-नववीतील मुलामुलींसाठी तालुक्याच्या ठिकाणी वसतिगृहे द्या.

आणि कायदा बदलेपर्यंत आपण काय करायचे? प्रत्येक बुद्धविहारात दर मे महिन्यात वस्तीतील आठवी पास मुलामुलींची यादी करा. जूनमध्ये त्यातील किती जण नववीत बसले, ते घरोघर जाऊन पाहा. दसऱ्याला, टोळ्या निघण्याआधी, पुन्हा पाहा. ज्या नावापुढे रिकामी जागा दिसेल, त्या घरी त्याच दिवशी जा. 'शिका' हा आदेश आठवीपर्यंतचा नव्हता!

जयभीम!