छोटा मेकॅनिकल कीबोर्ड जरूर घ्या, पण औषध म्हणून घेऊ नका

"डॉक्टर, टायपिंग करून मनगट दुखतंय. तो मेकॅनिकल कीबोर्ड घेतला तर बरं वाटेल का?" हा प्रश्न हल्ली दवाखान्यात वरचेवर येतो. विचारणारे सगळे आयटीतले असतात असे नाही. भाषांतर करणारे, वकिलांकडे टायपिंगचे काम करणारे, निवृत्तीनंतर आठवणी लिहायला बसलेले शिक्षक असे सगळे विचारतात. चार-पाच हजार रुपये खर्च करायचे म्हणजे कुणीतरी 'हो, घ्या' म्हणावे असे वाटतेच.

माझे उत्तर ठरलेले आहे. रोज दोन-तीन तासांपेक्षा जास्त टायपिंग असेल, तर चांगला कीबोर्ड ही चैन नाही. पण त्यातला खरा फायदा 'मेकॅनिकल' या शब्दापेक्षा 'छोटा' या शब्दात जास्त आहे. आणि हाताला मुंग्या येत असतील, तर कीबोर्डच्या दुकानाआधी डॉक्टरांकडे जा.

छोटा म्हणजे किती छोटा?

नेहमीचा पूर्ण कीबोर्ड सुमारे ४४ सेंटिमीटर रुंद असतो आणि त्यावर १०४ बटणे असतात. उजवीकडचा आकड्यांचा भाग काढला की उरतो तो ८७ बटणांचा 'टेनकीलेस', सुमारे ३६ सेंटिमीटरचा. त्याहून आटोपशीर तो ७५ टक्क्यांचा. ६५ टक्क्यांच्या प्रकारात वरची एफ-१, एफ-२ ची ओळ जाते. ६० टक्क्यांच्या प्रकारात ६१ बटणे उरतात आणि बाणांची बटणेही जातात. या सगळ्यांत अक्षरांची बटणे मात्र तेवढीच मोठी असतात. एका बटणाच्या मध्यापासून शेजारच्या बटणाच्या मध्यापर्यंतचे अंतर १९ मिलिमीटर, म्हणजे पूर्ण कीबोर्डइतकेच. त्यामुळे 'छोट्यावर बोटे अडखळतील' ही भीती नको.

आता यात शरीराचा संबंध कुठे येतो ते पाहा. पूर्ण कीबोर्डवर अक्षरे डावीकडे आणि आकडे उजवीकडे असतात. आपण अक्षरांसमोर बसतो, त्यामुळे माऊस आकड्यांच्याही पलीकडे जातो. तिथे पोहोचायला उजवा हात अंगापासून दूर न्यावा लागतो आणि खांदा दिवसभर तसाच ताणलेला राहतो. संध्याकाळी मानेच्या उजव्या बाजूला आणि खांद्याच्या पात्याजवळ भरून येते. रुग्ण म्हणतो, 'टायपिंगमुळे दुखतं.' पुष्कळदा दुखवणारा असतो लांब ठेवलेला माऊस. छोट्या कीबोर्डमुळे माऊस आठ-दहा सेंटिमीटर जवळ येतो आणि कोपर अंगालगत राहतो. हा फायदा मेकॅनिकल नसलेल्या, स्वस्त छोट्या कीबोर्डनेही मिळतो.

मेकॅनिकलने काय बदलते?

साध्या कीबोर्डमध्ये बटणांखाली रबराचा पडदा असतो. बटण जवळजवळ तळाला टेकले तरच अक्षर उमटते. मेकॅनिकलमध्ये प्रत्येक बटणाखाली स्प्रिंग असलेला स्वतंत्र स्विच असतो. चेरी एमएक्स रेड हा प्रसिद्ध स्विच घेतला, तर बटण एकूण ४ मिलिमीटर खाली जाते, पण अक्षर २ मिलिमीटरवरच उमटते. त्यासाठी साधारण ४५ ग्रॅम वजनाइतका दाब पुरतो. म्हणजे तळापर्यंत आपटण्याची गरज नाही.

अडचण अशी की वर्षानुवर्षांची आपटायची सवय कीबोर्ड बदलून जात नाही. हलक्या हाताने टाइप करायला मुद्दाम शिकावे लागते. त्यासाठी दोन-तीन आठवडे द्या. नाहीतर महागडा स्विचही तुम्ही तितकाच ठोकाल.

स्विच ढोबळमानाने तीन प्रकारचे असतात. लाल म्हणजे सरळ खाली जाणारे, तपकिरी म्हणजे मध्ये हलकासा अडथळा जाणवणारे आणि निळे म्हणजे अडथळ्यासोबत 'टक्' आवाज करणारे. माझे मत तपकिरीला. अक्षर कुठे उमटले हे बोटाला कळते, त्यामुळे पुढे दाबायचा मोह कमी होतो. निळा स्विच दुकानात फार गोड वाटतो. घरात रात्री शेजारी मूल झोपलेले असताना तोच नकोसा होतो. स्विच उपटून बदलता येतील असा कीबोर्ड मिळाला तर उत्तम. पसंती चुकली तरी सगळा खर्च वाया जात नाही.

एक तोटाही लक्षात घ्या. मेकॅनिकल कीबोर्ड पातळ कीबोर्डपेक्षा उंच असतो. मग मनगट टेबलावर टेकते आणि पंजा मागे वाकतो. मनगट असे वाकले की त्यातून जाणाऱ्या नसेवरचा दाब वाढतो. म्हणून कीबोर्डच्या मागचे पाय मिटलेलेच ठेवा, आणि जमल्यास कमी उंचीचा, म्हणजे 'लो प्रोफाइल' प्रकार घ्या. मनगटाखालची गादी टायपिंग थांबवल्यावर हात टेकण्यासाठी असते. टाइप करताना मनगट तिच्यावर रुतवून ठेवू नका.

मराठी टाइप करत असाल तर

इन्स्क्रिप्टवर मराठी लिहिणाऱ्यांनी एक गोष्ट तपासूनच खरेदी करावी, ती म्हणजे उजवे शिफ्ट. 'आणि' हा शब्द घ्या. 'आ' शिफ्टसह ई वर, 'ण' शिफ्टसह सी वर. दोन्ही बटणे डाव्या हाताची, म्हणून शिफ्ट उजव्या करंगळीने दाबायचे. एका पानात 'आणि', 'पण', 'कोण', 'म्हणून' किती वेळा येतात ते मोजा. ६५ आणि ७५ टक्क्यांच्या बहुतेक कीबोर्डवर बाण बसवण्यासाठी हेच उजवे शिफ्ट आखूड केलेले असते. इंग्रजीत फारसे जाणवणार नाही, मराठीत करंगळी रोज चुकेल, नाहीतर ताणली जाईल. 'ळ' आणि 'श' ना डावे शिफ्ट लागते, त्यांना हा त्रास नाही.

६० टक्क्यांचा कीबोर्ड मी लिहिणाऱ्या माणसाला सुचवत नाही. मजकूर तपासताना बाण सतत लागतात. तिथे प्रत्येक बाणासाठी एक बटण दाबून धरून दुसरे दाबायचे, म्हणजे करंगळी किंवा अंगठा दिवसभर अडकवून ठेवायचा. टेबलावर जागा वाचते, पण तिची किंमत हात मोजतो. मराठी टायपिंगसाठी टेनकीलेस सर्वांत सुरक्षित. रोमन अक्षरांतून मराठी लिहीत असाल तर शिफ्ट कमी लागते, तुम्हाला ७५ टक्केही चालेल.

टॅलीवर नोंदी करणाऱ्यांनी, बँकेत किंवा सीएच्या ऑफिसात दिवसभर आकडे भरणाऱ्यांनी छोटा कीबोर्ड घेऊन आकडे वरच्या ओळीत शोधत बसू नये. त्यांनी आकड्यांचा सुटा पॅड वेगळा घ्यावा. माऊस वापरायचा असेल तेव्हा तो बाजूला सारता येतो.

कीबोर्डआधी टेबल

लॅपटॉपचा कीबोर्ड पडद्याला जोडलेला असतो. हात आरामात ठेवावेत तर मान खाली जाते, मान सरळ ठेवावी तर हात वर उचलावे लागतात. वेगळा कीबोर्ड घेतल्याचा सर्वांत मोठा लाभ हाच, की लॅपटॉप चार जाड पुस्तकांवर चढवून पडदा डोळ्यांच्या पातळीला आणता येतो. तेवढे केले नाही तर नवा कीबोर्ड घेऊनही मान दुखतच राहील.

आपली टेबले बहुधा अडीच फूट उंच असतात. पाच फूट उंचीच्या बाईला ती जास्तच उंच पडतात. अशा वेळी खुर्ची वर घ्या आणि पायाखाली पाट ठेवा. कोपरात साधारण काटकोन, खांदे सैल, मनगट सरळ, एवढे जमले की पुरे. आणि अर्ध्या तासाने मिनिटभर तरी उठा. एकाच स्थितीत ताटकळलेल्या स्नायूला कुठलाही स्विच आराम देत नाही.

हे असेल तर कीबोर्ड थांबू दे

आता मुद्द्याचे. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग यांना मुंग्या येतात, रात्री त्यानेच जाग येते आणि हात झटकल्यावर बरे वाटते, ही कार्पल टनेल सिंड्रोमची ओळखीची लक्षणे. मनगटातल्या अरुंद बोगद्यात मीडियन नावाची नस दबली की असे होते. लोक याचा दोष सरसकट कीबोर्डला देतात. पण टायपिंग आणि हा आजार यांचा संबंध समजला जातो तितका पक्का नाही. जोर लावून सतत करायची हातकामे आणि कंप पावणारी अवजारे यांचा संबंध त्याहून ठळक आहे. शिवाय मधुमेह, थायरॉइड कमी असणे, संधिवात, वाढलेले वजन आणि गरोदरपण ही कारणे आपल्याकडे नेहमी दिसतात.

म्हणून चाळिशीची बाई 'कीबोर्ड बदलला तरी मुंग्या जात नाहीत' म्हणते, तेव्हा मी रक्तातली साखर आणि टीएसएच तपासायला सांगतो. थायरॉइड कमी निघाले, तर गोळी सुरू केल्यावर हाताचे दुखणेही पुष्कळदा कमी होते. ती बाई आणखी दोन कीबोर्ड बदलत बसली असती, तर वर्ष गेले असते. आणि या आजारात वर्ष जाणे महागात पडते. नस फार काळ दबून राहिली तर अंगठ्याच्या मुळाचा फुगीर स्नायू सुकतो, सुईत दोरा ओवता येत नाही, कप हातातून निसटतो. तो सुकलेला स्नायू ऑपरेशननंतरही पूर्ण भरून येईलच असे नाही. सुरुवातीलाच आलात तर रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधूनही अनेकांना आराम पडतो.

मुंग्या करंगळीकडे असतील तर नस कोपराशी दबलेली असू शकते. मानेतून हातात कळ जात असेल तर मान तपासायला हवी. अंगठ्याच्या बाजूचे मनगट दुखत असेल तर आधी मोबाइल किती वेळ हातात असतो ते पाहा. बोटांतली ताकद कमी झाली असेल, स्पर्श बोथट झाला असेल किंवा त्रास दोन-तीन आठवडे टिकला असेल, तर वाट पाहू नका.

यातले काहीच नसेल, हात ठणठणीत असतील आणि रोज लिहायचे असेल, तर खुशाल घ्या. टेनकीलेस, तपकिरी स्विच, पूर्ण लांबीचे उजवे शिफ्ट. शक्यतो दुकानात बसून एक परिच्छेद मराठीत टाइप करून पाहा आणि मगच पैसे द्या.