दाखवल्याशिवाय प्रोजेक्ट ‘झाला’ कसा?

अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या स्टाफरूममध्ये शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टविषयी एक मत घट्ट रुजलेलं आहे. मुलांनी काम करावं, सादरीकरणाचे चोचले एमबीएवाल्यांसाठी सोडावेत. काम चोख असेल तर ते आपोआप दिसतं, त्याची दवंडी पिटावी लागत नाही.

हे मत बाळगणाऱ्यांची चीड समजण्यासारखी आहे. त्यांनी प्रोजेक्ट प्रदर्शनं पाहिलेली असतात. फीत कापायला पाहुणे, दारात फ्लेक्स, थर्माकोलचं धरण, टाय लावून अवघडलेली मुलं आणि कुठून तरी उचललेल्या स्लाइड्स. कुणालाही वीट यावा असाच हा प्रकार. पण तिथे काहीतरी दाखवलं गेलं, हा त्याचा दोष नाही. तिथे काहीच चालवून पाहिलं गेलं नाही, हा आहे. आणि एवढ्यावरून दाखवणंच त्याज्य ठरवणं म्हणजे रोग सोडून रोग्याला हाकलण्यासारखं आहे.

पानाच्या फोटोवरून पिकाचा रोग ओळखणारं ॲप हा संगणक शाखेचा अलीकडचा लाडका विषय. त्यासाठी अनेक ग्रुप ‘प्लांटव्हिलेज’ हा तयार छायाचित्रसंच वापरतात. २०१६ साली मोहंती, ह्यूज आणि सलाते या संशोधकांनी त्यातल्या ५४,३०६ छायाचित्रांवर मॉडेल शिकवलं. १४ पिकं, २६ रोग, आणि अचूकता ९९.३५ टक्के! मात्र त्याच शोधनिबंधात दुसरा आकडाही आहे. वेगळ्या परिस्थितीत काढलेले फोटो दिल्यावर अचूकता ३१ टक्क्यांच्या आसपास घसरली. संचातली पानं तोडून, साध्या पार्श्वभूमीवर एकेक ठेवून टिपलेली होती. शेतात पानावर पान चढलेलं असतं, वर धूळ, ऊन, सावली. संशोधकांनी ही घसरण प्रामाणिकपणे नोंदवली. मुलांच्या प्रोजेक्ट अहवालात, म्हणजे ‘ब्लॅक बुक’मध्ये मात्र बहुधा ९९ च ठळक टाइपात छापले जातात.

आता या ग्रुपला सातव्या सेमिस्टरमध्येच सांगून टाकलं की एप्रिलमध्ये नारायणगावचा टोमॅटोवाला शेतकरी येणार आहे आणि तो आपल्या वावरातलं पान मोबाइलसमोर धरणार आहे, तर? ती मुलं डिसेंबरमध्येच शेतात जाऊन फोटो काढतील आणि ३१ चा धक्का त्यांना वेळेत बसेल. याला जाहिरात म्हणायचं की चाचणी?

हार्डवेअरवाल्यांची कथा वेगळी नाही. ‘सर, काल रात्री चालत होतं’ हे वाक्य न ऐकलेला बाहेरचा परीक्षक सापडणं कठीण. ते बहुतेकदा खरंही असतं. काल रात्री मोटर रिकामी फिरत होती. आज तिच्यावर भार आला, सुरू होताना तिने भरपूर करंट ओढला, त्याच बॅटरीवर चालणाऱ्या मायक्रोकंट्रोलरचा व्होल्टेज पडला आणि तो रीसेट झाला. किंवा ब्रेडबोर्डवरची जम्पर वायर तिसऱ्या मजल्यावर येता येता सैल झाली. मग वाय-फायला दोष. नाचता येईना, अंगण वाकडं. वेगळा पॉवर सप्लाय, सोल्डर केलेला बोर्ड, जवळ एक जादा बॅटरी, ही तयारी कुणी ‘सादरीकरण कौशल्य’ म्हणून शिकवत नाही. ते निव्वळ इंजिनिअरिंग आहे, आणि प्रोजेक्ट चार लोकांसमोर चालवायचा आहे हे पक्कं ठाऊक असल्याशिवाय ते कुणी करत नाही.

दाखवण्याच्या तयारीतच किती इंजिनिअरिंग असतं, याचं एक जुनं उदाहरण आहे. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत संगणक संशोधक डग्लस एंगलबार्ट यांनी सुमारे हजार लोकांसमोर दीड तास माउस, हायपरटेक्स्ट आणि दूरस्थ सहकार्याची प्रणाली चालवून दाखवली. संगणक होता मेन्लो पार्कला, तिथून चित्र आणायला मायक्रोवेव्ह दुवे उभारावे लागले. त्यांचे सहकारी बिल इंग्लिश पडद्यामागे ही सारी जुळवाजुळव सांभाळत होते. त्या दिवशीचं दाखवणं हाच एक अवघड प्रोजेक्ट होता.

दुसरा आक्षेप अधिक कडवट असतो: मुलं प्रोजेक्ट विकतच आणतात, मग तयारी कसली करून घ्यायची? पुण्याची तपकीर गल्ली किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड इथे सुटे भाग मिळतात ते मिळोत; त्यात गैर काही नाही. पण अहवालासकट तयार प्रोजेक्ट विकणारेही आहेत. ते टिकले आहेत, कारण आपण तपासतो एकदाच, आणि तेही शेवटी. एमआयटीतल्या २.००९ या अभ्यासक्रमात एकाच सेमिस्टरमध्ये कल्पना, कच्चं मॉडेल, मॉकअप, जुळणी, तांत्रिक परीक्षण असे टप्पे पार करून मगच ग्रुप सभागृहातल्या अंतिम सादरीकरणाला उभे राहतात. टप्प्याटप्प्याने अर्धवट काम दाखवायचं असेल तर दुकानदाराची पंचाईत होते. अर्धवट प्रोजेक्ट कोणी विकत नाही!

आणि ‘आपल्याकडे हे जमणार नाही’ म्हणणाऱ्यांनी पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी संस्थेकडे पाहावं. तिथल्या विद्यार्थ्यांचा सुमारे एक किलोचा ‘स्वयम्’ उपग्रह २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ वरून अवकाशात गेला. काम २००८ मध्ये सुरू झालं होतं, म्हणजे आरंभ करणारी मुलं पदवी घेऊन कधीच बाहेर पडली होती. हा काही कुणाचा बीईचा प्रोजेक्ट नव्हता आणि पाठीशी इस्रो होती, हे मान्य. पण पुढच्या तुकडीला समजेल असं लिहून ठेवायला आणि परक्यांच्या उलटतपासणीला उभं राहायला इस्रो कशाला लागते?

करणं आणि दाखवणं, दोन्हींना गुण देता येतात. फॉर्म्युला एसएई या विद्यार्थ्यांच्या रेसिंग कार स्पर्धेत एक हजारांपैकी ३२५ गुण गाडी न हलवता मिळतात: डिझाइनचे १५०, खर्चाच्या हिशेबाचे १००, व्यावसायिक सादरीकरणाचे ७५. बाकीचे ६७५ ट्रॅकवर. बोलघेवड्यांना तिथे थारा नाही आणि घुम्यांनाही नाही.

तेव्हा सुरुवात शीर्षकापासून करावी लागेल. आयओटी, एआय, ब्लॉकचेन सगळं एकाच प्रोजेक्टमध्ये कोंबलं की एक ना धड भाराभर चिंध्या होतात. सातव्या सेमिस्टरच्या सिनॉप्सिसमध्येच ‘शेवटी कोणासमोर, काय चालवून दाखवणार’ हे एका वाक्यात मागावं. फेब्रुवारीअखेर नवी भर बंद. मार्च फक्त चाचण्यांचा. अहवालात काय बिघडलं आणि का, याचं एक प्रकरण सक्तीचं असावं आणि त्याला गुण असावेत. ३१ टक्के प्रांजळपणे मांडणाऱ्या ग्रुपला ९९ छापणाऱ्यापेक्षा कमी गुण मिळत राहिले, तर मुलं दुसरं काय शिकतील? कागदावर तर हे सगळं आधीच आहे. अभियांत्रिकी पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा भारत २०१४ मध्ये पूर्ण सदस्य झाला. संवाद आणि प्रकल्प व्यवस्थापन ही पदवीधराच्या अपेक्षित गुणांत तेव्हापासून आहेतच. फायलींत ती नीट भरलीही जातात.

एकेका गाइडकडे कितीतरी ग्रुप असतात, ही अडचण मात्र खरी आहे. तिच्यावर एक स्वस्त उपाय आहे: दर परीक्षणाला तिसऱ्या वर्षाची मुलं प्रश्न विचारायला बसवावीत. ती सरांपेक्षा निर्दयपणे विचारतात, आणि त्यांच्यातलाच एखादा ग्रुप पुढच्या जुलैत तोच प्रोजेक्ट जिथे थांबला तिथून उचलू शकतो.