चिमणीचा फातिहा वाचण्याआधी

दर वर्षी २० मार्च आला की आपल्या व्हॉट्सॲप गटांवर चिमणीचा फातिहा वाचला जातो. मोबाइल टॉवरने चिमण्या मारल्या, चिमणी नामशेष झाली, नातवंडांना ती आता पुस्तकातच दिसणार, वगैरे. हा मजकूर पुढे ढकलणाऱ्यांपैकी कित्येकांच्या स्वतःच्या घरी विजेच्या मीटरमागे काड्या कोंबणारी चिमणी असते. तिच्याकडे पाहिलेलं नसतं, मोजणं तर दूरच.

माझं भांडण चिमणीसाठी हळहळणाऱ्यांशी नाही. न मोजता हळहळणाऱ्यांशी आहे.

भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीवर २०२० साली एक मोठा अहवाल आला. तो बहुतांशी तुमच्या-माझ्यासारख्या हौशी माणसांनी केलेल्या नोंदींवर उभा होता. त्यात निघालं असं की देशभराचा विचार केला तर चिमणी साधारण टिकून आहे. मुंबई, दिल्ली, चेन्नई अशा मोठ्या महानगरांत मात्र ती कमी होते आहे. म्हणजे मुंबईतल्या माणसाचं दुःख खरं असू शकतं, पण तेच दुःख बीडच्या किंवा चिपळूणच्या माणसाने उसनं घेण्याचं कारण नाही. टॉवरच्या सिद्धांतालाही भक्कम पुरावा मिळालेला नाही. घरांची बदललेली बांधणी आणि पिलांना भरवायला लागणारे किडे कमी होणं, ही कारणं जास्त पटण्यासारखी आहेत. पण टॉवरला शिव्या देणं सोपं. अंगणातल्या पेरूवर कीटकनाशक मारणारा हात आपलाच असतो, तिकडे कोण पाहणार?

उलट उदाहरण ब्रिटनचं आहे. तिथे १९७९ पासून दर जानेवारीच्या अखेरीस लोक आपल्या घरच्या बागेतले पक्षी एक तास मोजतात. या मोजणीत चिमणी वर्षानुवर्षं पहिल्या क्रमांकावर आहे. आणि तरीही एका बागेत दिसणाऱ्या चिमण्यांचा आकडा तेव्हापासून निम्म्याहून अधिक घसरला आहे. पहिला नंबर आणि निम्म्याहून जास्त घट, दोन्ही एकाच वेळी! नुसत्या डोळ्यांना हे कधीच कळलं नसतं. जे रोज दिसतं ते कमी होतंय हे शेवटी कळतं, तेव्हा उशीर झालेला असतो.

आपल्याकडे अशी मोजणी नाही असं नाही. फेब्रुवारीच्या मध्यावर शुक्रवार ते सोमवार असे चार दिवस जगभर अंगणातले पक्षी मोजले जातात. अमेरिकेत हे १९९८ मध्ये सुरू झालं, भारत २०१३ पासून त्यात आहे. किमान पंधरा मिनिटं एका जागी बसायचं, जे दिसलं-ऐकलं आणि ओळखता आलं ते लिहायचं आणि ई-बर्डवर यादी टाकायची. केरळ यात सातत्याने पुढे असतं. आपण? १२ नोव्हेंबरला डॉ. सालिम अलींचा फोटो डीपीवर लावतो आणि मोकळे होतो.

सालिम अलींचं नाव अभिमानाने घेणाऱ्यांना हवाई बंदुकीने पाडलेल्या पिवळ्या गळ्याच्या चिमणीची गोष्ट तोंडपाठ असते. किहीमची गोष्ट क्वचितच. १९३० मध्ये हाताला नोकरी नव्हती, तेव्हा हा माणूस अलिबागजवळ किहीमला राहत होता. घराजवळच सुगरणींची वसाहत होती. पावसाळ्याचे महिने त्यांनी तिच्यासमोर बसून काढले. कोणत्या नराने किती घरटी बांधली, कोणती मादी कुठल्या घरट्यात शिरली, हे रोज टिपलं. एकच नर एकामागून एक घरटी बांधतो आणि एकेका मादीला ती देत जातो, हे त्या वह्यांतून उलगडलं. अभयारण्य नाही, मोहीम नाही. घराशेजारचं झाड आणि न चुकता लिहिलेली वही. मोठ्या माणसाचा वारसा सांगायचा तर वहीचा सांगा, डीपीचा नको.

नाशिकचे मोहम्मद दिलावर हे आणखी एक नाव. ज्या २० मार्चला आपण रडतो तो चिमणी दिन त्यांच्या संस्थेने २०१० पासून सुरू केला. तो काही तेरवीचा दिवस म्हणून नव्हे.

आता नेहमीचे आक्षेप. ‘आमच्याकडे कुठली बाग?’ शेवग्याचं एक झाड, गच्चीवर चार डबे, न्हाणीघरामागे पाण्याची ओल, एवढं पुरतं. हिवाळ्यात त्या ओलीवर शेपटी वरखाली करणारा धोबी येतो. भिंतीच्या कडेला शेपूट थरथरवत थिरथिऱ्या बसतो. शेवग्याच्या फुलांत शिंजीर असतो. दाट कुंपणात ‘चक्, चक्’ करणारा मातकट वटवट्या दिसत नाही, फक्त ऐकू येतो. यातला धोबी, थिरथिऱ्या आणि वटवट्या हे पाहुणे हजारो किलोमीटरवरून येतात, उन्हाळा लागला की परततात. भोरड्या तर ज्वारीवाल्या शेतकऱ्याला सांगायलाच नकोत, गोफण घेऊन त्यांच्यामागे धावलेली पिढी अजून घरात आहे. त्या थेट मध्य आशियाकडून येतात.

‘आम्हाला पक्षी ओळखता येत नाहीत.’ मग दहा ओळखा. कावळा, चिमणी, साळुंकी, पारवा, होला, बुलबुल, दयाळ, शिंपी, कोतवाल, घार. तेवढेच लिहा, पण ओळखलेले सगळे लिहा. इथे एक बारकी पण महत्त्वाची गोष्ट आहे. यादी टाकताना विचारलं जातं: ओळखता आलेले सगळे पक्षी लिहिलेत का? ‘हो’ म्हणालात की तुमच्या यादीत जे नाही त्यालाही अर्थ येतो. चिमणी लिहिलेली नाही म्हणजे चिमणी दिसली नाही, ही नोंद होते. जो माणूस फक्त हळद्याचा फोटो टाकतो आणि कावळे-साळुंक्या ‘त्यात काय’ म्हणून वगळतो, त्याची यादी या कामाला निरुपयोगी आहे. दुर्मीळ पक्ष्यांच्या मागे कॅमेरा घेऊन धावणाऱ्यांनी हे जरा मनावर घ्यावं.

आकडा फुगवू नका. सात वाजता चार चिमण्या, पाच मिनिटांनी सहा, मग पाच, तर अंगणासाठी सहा लिहा, पंधरा नाही. चिमण्या त्याच फिरून येतात. आणि मोजणीच्या दिवशी पोतंभर दाणे टाकून पारवे जमवणं म्हणजे मोजणी नव्हे. पारवे तसेही वाढतच आहेत, त्यांना आपल्या मदतीची गरज नाही.

वेळेचंही कारण चालणार नाही. फजरनंतर पुन्हा पांघरूण ओढण्याआधी पंधरा मिनिटं अंगणात बसलं तरी उजाडतानाचा सगळा गलका मिळतो. खरं तर घरात हे काम सर्वांत चांगलं जमेल ते आजीला, अम्मीला. कोणता पक्षी कधीपासून यायचा थांबला हे त्यांना ठाऊक असतं, फक्त त्यांना कुणी विचारत नाही. मोबाइल नातवाच्या हातात, माहिती आजीच्या डोक्यात. दोघांना एका बाकावर बसवा.

आणि ‘याने काय होणार?’ या प्रश्नाबद्दल. पक्षीनिरीक्षक जिथे फिरायला जातात तिथल्या याद्या ढिगाने आहेत: धरणं, टेकड्या, विद्यापीठांचे परिसर. मोहल्ल्यांच्या, पत्र्याच्या घरांच्या, कब्रस्तानांच्या याद्या शोधाव्या लागतात. गावातली सर्वांत जुनी चिंच आणि कडुलिंब पुष्कळदा कब्रस्तानातच उरलेले असतात, त्यांच्या ढोलीत पिंगळा असतो. पण नकाशावर तिथे कोरा चौकोन. महाराष्ट्रात शहरी झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे, झाड तोडण्याआधी नागरिकांच्या हरकती मागवल्या जातात. हरकत लिहायला बसल्यावर ‘इथे खूप पक्षी येतात’ एवढंच लिहिता येत असेल, तर समोरचा अधिकारी ते बाजूला ठेवतो. पाच हिवाळ्यांच्या तारीखवार याद्या जोडलेला अर्ज त्याला निदान वाचावा लागतो. झाड वाचेलच असं मी म्हणत नाही. पण रस्ता रुंद करणाऱ्याकडे मोजमापाचे कागद असतात आणि आपल्याकडे फक्त फॉरवर्ड, ही लढाई सुरू होण्याआधीच हरलेली असते.